रक्षक पेशींची पानगळ

सन २०२१ चा चैत्र नाशिककरांच्या आठवणींतून सहसा पुसला जावयाचा नाहीं. त्या वर्षीं मार्चअखेर, करोनाचे सर्वांत अधिक रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांचीं नांवें केंद्र सरकारनें जाहीर केलीं. त्यांत पुणें, मुंबई, नागपूर व ठाणें यांच्या जोडीला नाशिकचेंहि नांव होतें. रामनवमी २१ एप्रिलला आली. पंचवटींतील काळारामाचे दरवाजे भाविकांस बंद होते. आणि त्याच दिवशीं महापालिकेच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसांहून अधिक रुग्ण दगावले. अशा दिवसांत माणसांचा धीर सुटला, तर त्यांत नवल तें काय? एकाच्या औषधांची चिठ्ठी दुसऱ्याच्या फोनवर जाऊं लागली, आणि त्या चिठ्ठ्यांत एक नांव पुनःपुन्हां दिसूं लागलें. तें स्टिरॉइडचें. गोळी स्वस्त होती, सहज मिळत होती, आणि घेतली कीं ताप उतरे, भूक लागे, अंगांत हुशारी येई.

पुढच्याच महिन्यांत दुसरें संकट दाराशीं आलें. करोनांतून उठलेल्या माणसांचा गाल सुजूं लागला, नाकांतून काळसर स्राव येऊं लागला, डोळा दुखूं लागला. वैद्यकाच्या भाषेंत हा म्युकरमायकोसिस. लोकांनीं त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलें. कित्येकांचा जबडा, कित्येकांचा डोळा शस्त्रक्रियेनें काढावा लागला. मे महिन्यांत केंद्र सरकारनें सर्व राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं घेण्यास सांगितलें. तो कायदा मुंबई इलाख्यांतील प्लेगसाठीं झाला होता, आणि त्या प्लेगनें पुढें आमच्या जिल्ह्यालाहि सोडलें नव्हतें. सव्वाशें वर्षांपूर्वींचा कायदा पुन्हां बाहेर काढावा लागला, तो निसर्गाच्या कोपामुळें तर खराच. पण त्या कोपाला आमच्याच हातच्या एका औषधाची साथ होती, असें जाणत्यांचें मत पडलें. शेजारच्या खाटेवरचा माणूस ज्या औषधानें वांचला, त्याच औषधानें याचा घात कसा केला? या प्रश्नाचें उत्तर हवें असेल, तर सुमारें पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागतें.

मानवी शरीरांत दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथि असते. तिचें वजन चारपांच ग्रॅमहून अधिक भरत नाहीं. हीच अधिवृक्क ग्रंथि. लंडन येथील गाइज रुग्णालयाचे वैद्य टॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं एक छोटें पुस्तक प्रसिद्ध करून दाखविलें कीं, ह्या ग्रंथी रोगानें नष्ट झाल्या म्हणजे माणूस दिवसेंदिवस क्षीण होत जातो, त्याची कातडी काळवंडते आणि अखेर तो मरतो. एवढ्याशा मांसपिंडावर सबंध देहाचें जीवित अवलंबून असावें, हें त्या काळच्या पंडितांना चमत्कारिक वाटलें. ह्या ग्रंथी रक्तांत कांहीं द्रव्यें सोडतात, आणि तीं दूरच्या अवयवांना आज्ञा देतात, हें पुढें कळावयाचें होतें. अशा द्रव्यांना आपण आतां संप्रेरकें म्हणतों.

दुसरी ग्रंथि छातीच्या हाडामागें असते. तिचें नांव थायमस. वय वाढतां वाढतां ती झिजत जाते, म्हणून मराठी परिभाषाकारांनीं तिला ‘यौवनलोपी ग्रंथि’ असें सुरेख नांव दिलें आहे. ह्या ग्रंथीच्या बाबतींत वैद्यकाच्या हातून एक शोचनीय प्रमाद घडला. शवविच्छेदनासाठीं येणारीं मुलांचीं शवें बहुधा दीर्घ आजारानें व उपासमारीनें गेलेल्या गरिबांच्या मुलांचीं असत. त्यांची थायमस लहान दिसे, आणि तेवढीच ती असावयाची, असा समज रूढ झाला. मग निरोगी दिसणारें एखादें तान्हें मूल पाळण्यांत अकस्मात मेलें आणि त्याची थायमस मोठी आढळली, कीं ‘ग्रंथि वाढल्यानें मूल गुदमरलें’ असें निदान होई. १८८९ सालीं व्हिएन्ना येथील पाल्टाउफ यांनीं तर ह्या तथाकथित विकाराला एक भारदस्त लॅटिन नांवहि दिलें. वास्तविक मोठी ग्रंथि हीच निरोगी मुलाची ग्रंथि होती. लहान दिसत होती ती आजारानें झिजलेली. परंतु हें ध्यानांत न आल्यामुळें १९०७ पासून अमेरिकेंत लहान मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती ग्रंथि मुद्दाम आक्रसविण्याचा उपचार सुरू झाला, आणि कित्येक वर्षें तो चालला. १९५० सालीं न्यूयॉर्कच्या डफी व फिट्झजेराल्ड यांनीं गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झालेल्या मुलांची माहिती तपासली, तेव्हां त्यांपैकीं अनेकांना तान्हेपणीं हे किरण दिले गेले होते असें आढळलें. जो रोगच नव्हता, त्याच्या उपचारानें खरा रोग जन्माला आला होता.

मग आजारांत ही ग्रंथि झिजते कां? ह्या प्रश्नाचा धागा कॅनडांत माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत सांपडला. हान्स सेली नांवाचा तरुण संशोधक उंदरांना निरनिराळे अर्क टोचून नव्या संप्रेरकाचा शोध घेत होता. त्याला आढळलें कीं, अर्क कोणताहि असो, परिणाम एकच होतो: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, जठरांत व्रण पडतात, आणि थायमस भराभर लहान होते. थंडी, जखम, विष, अतिश्रम, कशानेंहि तेंच घडे. १९३६ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत त्यानें हें निरीक्षण प्रसिद्ध केलें. इजा झाल्यावर ६ ते ४८ तासांच्या अवधींत थायमस आक्रसूं लागते, असें त्यांत नमूद आहे. पुढें त्यानें अधिवृक्क ग्रंथी आधींच काढून टाकलेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला. तेव्हां थायमस झिजली नाहीं. तात्पर्य उघड होतें. संकटाची वर्दी मिळतांच अधिवृक्क ग्रंथि एक आज्ञा सोडते, आणि त्या आज्ञेनें थायमसमधील पेशी नाहींशा होतात. शवविच्छेदनाच्या मेजावरील मुलांची ग्रंथि लहान कां दिसत होती, याचा उलगडा असा झाला.

ह्या नाहींशा होणाऱ्या पेशी कोणत्या? त्या होत लिंफोसाइट, म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांच्याशीं झुंजणाऱ्या रक्षक पेशी. १९४३ नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेंतील येल विद्यापीठांत डॉहर्टी व व्हाइट ह्या जोडीनें दाखविलें कीं, अधिवृक्क ग्रंथीला चेतविलें असतां प्राण्यांच्या लसिका-ग्रंथींतील ह्या पेशींचा नाश होतो. थायमस ही रक्षकांची शाळाच आहे, हें मात्र तेव्हां कोणासहि ठाऊक नव्हतें. तें जॅक मिलर यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलें.

तिकडे मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्यें टाडेउश राइकस्टाइन हे अधिवृक्क ग्रंथींतून एकेक द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें काढीत होते. त्यांपैकीं एकाला केंडल यांनीं ‘संयुग ई’ म्हटलें. तेंच पुढें कॉर्टिझोन ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालें. २१ सप्टेंबर १९४८ रोजीं मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच यांनीं सांधेदुखीनें अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला तें प्रथम टोचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. ह्या घटनेनें जग थक्क झालें, आणि १९५० सालीं केंडल, राइकस्टाइन व हेंच यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळची गोष्ट त्यापूर्वींची आहे. १९४४ सालींच हाइलमन व केंडल यांनीं लसिका-पेशींची गांठ झालेल्या उंदरांना हें द्रव्य देऊन ती गांठ विरघळतांना पाहिली होती. ज्या आज्ञेनें निरोगी रक्षक पेशी मरतात, त्याच आज्ञेनें माजलेल्या रक्षक पेशीहि मरतात, हें त्यांतून निष्पन्न झालें.

ह्या शोधाचें फळ महाराष्ट्रांतल्या किती घरांनीं चाखलें आहे, याची अनेकांस कल्पना नसते. लहान मुलांना होणारा तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग हा बहुतेक वेळां अपक्व लिंफोसाइटांचाच कर्करोग असतो. पूर्वीं तो झाला म्हणजे आईबापांच्या हातीं कांहीं महिने उरत. १९४९ पासून कॉर्टिझोन व त्याच्या जातीचीं औषधें ह्या रोगांत वापरूं लागले. एकट्या त्यांनीं रोग बरा झाला नाहीं. तो दबे आणि पुन्हां उसळे. पण इतर औषधांच्या जोडीनें त्यांनीं कमाल केली. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. १९८४ पासून तेथें, तसेंच मद्रास व दिल्ली येथें, अमेरिकन तज्ज्ञांच्या सहकार्यानें ‘एमसीपी ८४१’ ही उपचार-पद्धति अमलांत आली. तींत प्रेडनिसोलोन हें स्टिरॉइड मोक्याच्या जागीं होतें. नाशिकहून रात्रीची गाडी पकडून आजारी मुलाला परळला घेऊन जाणाऱ्या आईबापांनीं त्या गोळ्यांचें नांव ऐकलेलें असतें. औषध सुरू होतांच मुलाच्या रक्तांतील रोगट पेशी आठवड्याभरांत झपाट्यानें घटतात. ती घट होते, याचें कारण त्या पेशी हुकूम ऐकतात व मरतात.

‘हुकूम ऐकतात व मरतात’ हा नुसता अलंकार नव्हे, हें ध्यानांत यावयास १९७२ साल उजाडावें लागलें. ऑस्ट्रेलियाचे जॉन कर, आणि स्कॉटलंडमधील अँड्र्यू वायली व अलास्टेअर करी यांनीं त्या वर्षीं एक निबंध लिहून सांगितलें कीं, पेशीचें मरण दोन प्रकारचें असतें. एक अपघाती. त्यांत पेशी फुगते, फुटते, आंतील द्रव्यें बाहेर सांडतात व आसपास दाह होतो. दुसरें नेमस्त. त्यांत पेशी आक्रसते, आपल्या केंद्रकाचे बारीक तुकडे करते, स्वतःच्या पुरचुंड्या बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. ना दाह, ना गवगवा. ह्या दुसऱ्या मरणाला नांव हवें होतें. ॲबर्डीनचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनीं तें सुचविलें: ॲपॉप्टोसिस, म्हणजे झाडावरून पानें गळणें. फाल्गुनांत गोदाकांठचा पिंपळ पानें टाकतो, तो कांहीं त्याच्यावर कुऱ्हाड पडली म्हणून नव्हे. पेशींची ही पानगळहि तशीच आंतून ठरलेली असते.

१९८० सालीं वायली यांनीं थायमसच्या पेशींवर स्टिरॉइड घालून पाहिलें, तेव्हां त्या पेशींतील डीएनएचा लांबलचक धागा ठराविक मापाच्या तुकड्यांत कापला गेल्याचें दिसलें. पेशीच्या स्वतःच्याच कात्रीनें तो कापला होता. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील रोनाल्ड एव्हन्स यांच्या गटानें हा हुकूम ऐकणाऱ्या प्रथिनाचें, म्हणजे ग्राहकाचें, मानवी जनुक हुडकलें, आणि पुढची सांखळी क्रमाक्रमानें उलगडली. ती थोडक्यांत अशी. संप्रेरक मेदाळ असल्यामुळें पेशीच्या पापुद्र्यांतून सहज आंत शिरतें. आंत ग्राहक वाट पाहात असतो. दोघे जोडीनें केंद्रकांत जातात आणि कांहीं जनुकें चेतवितात, कांहीं निजवितात. चेतविलेल्यांपैकीं एकापासून ‘बिम’ नांवाचें प्रथिन तयार होतें. पेशीला जिवंत ठेवणाऱ्या ‘बीसीएल-२’ ह्या प्रथिनाचा हात तें धरून ठेवतें. मग पेशीच्या ऊर्जाघरांना, म्हणजे मायटोकाँड्रियांना, भोकें पडतात, आणि तेथून निसटलेल्या द्रव्यानें ‘कॅस्पेस’ नांवाच्या कात्र्या जाग्या होतात. त्यानंतर परतीचा मार्ग नसतो.

आतां कोणी विचारील, निसर्गानें स्वतःच्याच शिपायांना मारण्याची ही तजवीज कशासाठीं केली? लढाई संपल्यावर सैन्य बरखास्त झालें नाहीं, तर तें आपलाच मुलूख लुटूं लागतें, हें इतिहास वाचणारास नव्यानें सांगावयास नको. शरीरांतहि तसेंच आहे. जंतु हटल्यावर वा हटतां हटतां रक्षक पेशींना आंवरणें अवश्य असतें. संकटकाळीं अधिवृक्क ग्रंथींतून वाढत्या प्रमाणांत येणारें कॉर्टिसॉल हा त्या आंवरण्याचा एक भाग होय. मात्र येथें एक सावधगिरी हवी. उंदीर व ससा यांच्या लिंफोसाइट ह्या हुकुमाला फार लवकर बळी पडतात. मनुष्याच्या पक्व लिंफोसाइट त्या मानानें चिवट असतात. माणसाला स्टिरॉइड दिल्यावर रक्तांतील त्यांची संख्या कांहीं तासांतच घसरते खरी, परंतु त्यांतील पुष्कळशा मेलेल्या नसून रक्त सोडून इतरत्र मुक्कामाला गेलेल्या असतात. खरा संहार होतो तो थायमसमधील अपक्व पेशींचा आणि त्यांच्यासारख्याच अपक्व राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींचा. उरलेल्या रक्षकांना स्टिरॉइड ठार मारीत नाहीं. तें त्यांचा शंखनाद बंद करतें. दाह भडकविणारीं द्रव्यें तयार करणारीं जनुकें तें निजवून ठेवतें.

एवढी पूर्वपीठिका ध्यानांत आल्यावर नाशिकच्या त्या चैत्राकडे परत वळूं. करोनाच्या पहिल्या आठवड्यांत शरीराची लढाई विषाणूशीं असते. ती बहुधा आठ-दहा दिवसांत संपते. परंतु कांहीं रुग्णांत विषाणु ओसरूं लागल्यावरहि सैन्य थांबत नाहीं, आणि दाहानें फुप्फुसेंच भरून जातात. अशा वेळीं सैन्याला आंवरणारें औषध प्राणदायक ठरावें, हें तर्कानें पटतें; पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा इंग्लंडांतील ‘रिकव्हरी’ चांचणीनें १६ जून २०२० रोजीं जगापुढें ठेवला. तींत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर दहा दिवस, दिलें होतें, आणि ४,३२१ रुग्णांना नेहमींचे उपचार. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर आलें. नुसता प्राणवायु लागणाऱ्यांत तें २६.२ वरून २३.३ वर आलें. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना औषधाचा कांहींच लाभ झाला नाहीं. उलट त्यांच्यांत मृत्यु शेंकडा १४ वरून १७.८ झाले. हा शेवटचा फरक निर्णायक मानावा इतका मोठा नव्हता, तरी त्याचा इशारा स्पष्ट होता. लढाई चालू असतां सैन्य माघारीं बोलावूं नये.

हा इशारा छापून निघाला होता, वाचला गेला होता, आणि तरी दहा महिन्यांनीं आमच्या गल्ल्यांतून पहिल्याच तापाला त्याच गोळ्या सुरू होत होत्या. ३ मे २०२१ रोजीं दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणें सांगावें लागलें कीं, सौम्य आजारांत आरंभींच स्टिरॉइड घेऊं नका. मात्रेचाहि विचार हवा. स्वस्थ माणसाच्या अधिवृक्क ग्रंथी दिवसाकाठीं सुमारें १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हें सुमारें १५० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीचें असतें. गोळी दिसावयास केवढीशी, पण ती म्हणजे शरीराच्या नेहमींच्या आवाजापेक्षां दहापट मोठ्यानें दिलेली आज्ञा होय. ती दुप्पट-तिप्पट मात्रेनें, दहा दिवसांच्या जागीं महिनाभर दिली, तर काय होईल?

काय झालें तें आपण पाहिलेंच. येथें मात्र सर्व दोष लिंफोसाइटांच्या मरणावर टाकणें बरोबर होणार नाहीं. बुरशीशीं लढणाऱ्या मुख्य पेशी निराळ्या असतात. त्यांपैकीं न्यूट्रोफिल तर स्टिरॉइडनें मरत नाहींत, उलट अधिक काळ जगतात. पण त्यांचा व भक्षक पेशींचा मारा बोथट होतो. त्यांतच स्टिरॉइडमुळें रक्तांतील साखर वाढते, आणि ही बुरशी साखरेवर पोसते. मधुमेही माणसाच्या बाबतींत तर दोन्ही दारें उघडीं झालीं. जून २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें देशांत ४०,८४५ जणांना हा रोग झाला होता आणि ३,१२९ जण दगावले होते. रुग्णांपैकीं सुमारें शेंकडा ८५ जणांना आधीं करोना झालेला होता, शेंकडा ६४ जणांना मधुमेह होता, आणि निम्म्याहून अधिक जणांना स्टिरॉइड दिलेलें होतें.

ह्या सर्व हकीकतींतून स्टिरॉइड हें विष आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. दमेकऱ्याचा श्वास, कर्करोगी बालकाचें आयुष्य, आणि २०२१ मध्यें श्वासयंत्रावरून परत आलेले कित्येक गृहस्थ, हे ह्याच औषधाचे ऋणी आहेत. उलट भीतीनें तें एकाएकीं बंद करणें हाहि एक धोकाच. बाहेरून हुकूम येत राहिला म्हणजे आपल्या अधिवृक्क ग्रंथी आळसावून निजतात. औषध अकस्मात थांबलें, तर ॲडिसन यांनीं वर्णिलेल्या रुग्णासारखीच क्षीणता ओढवते. म्हणून दीर्घकाळ घेतलेलें स्टिरॉइड वैद्याच्या सल्ल्यानें हळूहळूच उतरवावें लागतें.

महाराष्ट्राचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच नाशकांत आहे. राज्यांतील बहुतेक डॉक्टर त्याच्याच पदव्या घेऊन बाहेर पडतात. म्हणजे ज्ञान कांहीं सातां समुद्रांपलीकडे नव्हतें. पाल्टाउफच्या पिढीला थायमसचा कायदा ठाऊक नव्हता, म्हणून तिच्या हातून मुलांवर अन्याय झाला. त्या पिढीला अज्ञानाची सबब तरी आहे. आमच्या पिढीला ती नाहीं. आमच्याजवळ हुकुमाची भाषा होती, मात्रा होती, दिवसांची मोजणीहि होती. नव्हता तो धीर. असो. ज्या घरांत ह्या गोळ्या आल्या आहेत, त्या घरानें चिठ्ठीवर तीन गोष्टी वैद्याकडून लिहून घ्याव्या: मात्रा किती, दिवस किती, आणि साखर केव्हां तपासावयाची. आणि ती चिठ्ठी दुसऱ्या घरीं पाठवूं नये.